फुप्फुसांच्या छाया आणि त्यांचें वाचन

गेल्या श्रावणांत एके दिवशीं सायंकाळीं आमच्या घरीं एक मोठा पांढरा लिफाफा आला. आमच्या पत्नीस बारा वर्षांपासून संधिवात आहे. तोहि वयोमानानें गुडघे झिजून होणारा नव्हे, तर ज्यांत शरीराची प्रतिकारशक्ति स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो. उन्हाळ्यापासून तिला कोरडा खोकला लागला होता व जिना चढतांना मध्येंच थांबावें लागत होतें. म्हणून छातीचा स्कॅन करण्याचें ठरलें. तो झाला, आणि तपासणीकेंद्राच्या खिडकींतील मुलानें लिफाफा हातीं देऊन "डॉक्टरांना दाखवा" एवढेंच सांगितलें. डॉक्टरांची भेट पांच दिवसांनंतरची होती. त्या पांच दिवसांत घरांत काय काय झालें तें सगळें सांगण्यासारखें नाहीं, परंतु या लेखाचें निमित्त तेंच होय. कन्येनें लिफाफा उघडला, चिरंजीवांनीं त्यांतील एकेक शब्द फोनवर शोधला, आणि ज्या शब्दांचे अर्थ सांपडले ते व ज्यांचे सांपडले नाहींत ते, असे सगळे मिळून रात्रीं आमच्या पंक्तीस येऊन बसले. कोणाच्याच घशाखालीं घांस उतरेना. पत्नी मात्र शांत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही जन्मभर जुने कागद वाचीत आलांत, हा एक नवा कागद तुम्हांला वाचतां येत नाहीं काय?"

प्रश्न खोंचक होता व तो आम्हांस लागला. राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापावयास आरंभ केला, तेव्हांपासून महाराष्ट्रांत इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास एक पाठ पढविला जातो. कागद हातीं आला म्हणजे तो कोणीं लिहिला, कोणासाठीं लिहिला, केव्हां लिहिला व लिहिणारास कोणता प्रश्न विचारला होता, हें आधीं पाहावें. मजकूर मागाहून वाचावा. पेशव्यांच्या दफ्तरांतील हिशेबाचा बंद घरगुती पत्र म्हणून वाचला तर जो घोटाळा होईल, तोच आमच्या घरीं झाला होता. स्कॅनचा अहवाल क्ष-किरणतज्ज्ञ लिहितो तो दुसऱ्या डॉक्टरासाठीं. रोगी हा त्या पत्रव्यवहाराचा विषय असतो. पत्र त्याच्या नांवें लिहिलेलें नसतें. शिवाय हें पत्र म्हणजे एका चिठ्ठीवरील प्रश्नाचें उत्तर असतें. चिठ्ठीवर नुसता 'खोकला' लिहिला असेल तर उत्तर एका प्रकारचें येतें. 'संधिवात बारा वर्षें, अमुक औषध चालू, फुप्फुसांत त्याचा शिरकाव झाला आहे काय' असें लिहिलें असेल तर त्याच चित्राकडे निराळ्या नजरेनें पाहिलें जातें. आमच्या चिठ्ठीची नक्कल मागाहून पाहिली, तींत 'खोकला' एवढाच शब्द होता.

कागदाची भाषा समजून घ्यावयाची तर ती कोठून आली हें पाहावें लागतें. जिवंत माणसाच्या छातींत काय चाललें आहे हें बाहेरून ओळखण्याचा पहिला पद्धतशीर यत्न १७६१ त व्हिएन्ना येथें प्रसिद्ध झाला. लेओपोल्ड औएनब्रुगर हा ग्राट्स गांवच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर बोटें आपटून आंत दारू किती उरली हें बाप ओळखी, तीच युक्ति मुलानें रोग्यांच्या छातीवर चालविली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याच्या लहानशा लॅटिन पुस्तकाकडे जवळ जवळ अर्धशतक कोणीं ढुंकून पाहिलें नाहीं. १८०८ त नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार यानें त्याचें फ्रेंच भाषांतर केलें तेव्हां कोठें जगास त्याची ओळख झाली, आणि दुसऱ्याच वर्षीं औएनब्रुगर वारला. कोर्व्हिसारच्या विद्यार्थ्यांपैकींच एक रने लाएनेक. १८१६ त पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांत एका तरुण स्त्रीच्या छातीस कान लावणें प्रशस्त न वाटून त्यानें कागदाची सुरळी केली, तिचें एक टोंक तिच्या छातीवर व दुसरें आपल्या कानापाशीं धरलें, आणि स्टेथॉस्कोप जन्मास आला. त्याचा ग्रंथ १८१९ त निघाला. नळीपेक्षांहि त्याची पद्धति महत्त्वाची होती. जिवंतपणीं कोणता आवाज ऐकूं आला तें टिपून ठेवावयाचें, रोगी दगावल्यास शवविच्छेदनांत फुप्फुस कसें दिसलें तें पाहावयाचें, आणि दोहोंची सांगड घालावयाची. खूण आणि तिच्या मागची वस्तु यांची ही सांगडच पुढच्या दोनशें वर्षांचा पाया झाली.

लाएनेकची एक गोष्ट आम्हांस विशेष मनोरंजक वाटते. फुप्फुसांतील अस्वाभाविक आवाजांस त्यानें एक फ्रेंच शब्द योजला, 'राल'. परंतु लोकभाषेंत हाच शब्द मरणासन्न माणसाच्या घशांतील घरघरीस लावीत. तेव्हां खाटेपाशीं बोलतांना रोग्यानें घाबरूं नये म्हणून तो त्याऐवजीं लॅटिन शब्द वापरूं लागला. वैद्याच्या परिभाषेनें रोग्याच्या काळजाचा ठोका चुकावा, ही गोष्ट तपासणीकेंद्रें निघण्याच्या कितीतरी पूर्वींची आहे. फरक इतकाच कीं लाएनेक खाटेपाशीं उभा होता. त्याच आवाजांपैकीं एकाचें वर्णन त्यानें, तापलेल्या भांड्यांत मीठ तडतडावें तसा, असें केलें आहे. आज फुप्फुसांच्या पाठीमागच्या तळाशीं तसलीच तडतड ऐकूं आली म्हणजे डॉक्टर तिला वेल्क्रोची पट्टी सोडवितांना होणाऱ्या आवाजाची उपमा देतात, आणि संधिवाताच्या रोग्यांत ती ऐकूं आली कीं स्कॅनची चिठ्ठी लिहितात. लाएनेक १८२६ त क्षयानें वारला. त्याच्या छातीची परीक्षा मेरिआडेक नांवाच्या त्याच्या आप्तानें, त्यानेंच शिकविलेल्या रीतीनें केली होती.

कानानंतर डोळ्याची पाळी आली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं व्युर्त्सबुर्ग येथें रंटगेन यास ते अज्ञात किरण आढळले. त्यानें त्यांस बीजगणितांतील अव्यक्ताचें अक्षर दिलें व आमच्याकडील शास्त्रकारांनीं त्याचा सुंदर 'क्ष' केला. छातीच्या फोटोचें राज्य पुढें कित्येक दशकें मुख्यतः क्षयरोगानें व्यापिलें होतें. आमच्या पिढीच्या मनांत अजूनहि 'छातीचा फोटो काढला' या वाक्यापुढें 'क्षय तर नाहीं ना' हें वाक्य आपोआप उभें राहतें. पण या फोटोंत एक मूळचें व्यंग आहे. छातीची सगळी जाडी, म्हणजे पुढच्या फांसळ्या, हृदय, फुप्फुस व पाठीचीं हाडें, एकाच कागदावर एकमेकांवर छापली जाते. एकाच पाटीवर चारजणांनीं लिहावें, तसा हा प्रकार. मोठें अक्षर वाचतां येतें, बारीक हरवतें. १९७८ त अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, फुप्फुसांच्या जाळींत पसरणारा रोग तुकडा काढून सिद्ध झालेल्या ४५८ रोग्यांपैकीं ४४ जणांचा फोटो अगदीं निर्दोष होता. आमच्या पत्नीचा साधा फोटोहि निर्दोषच होता. घरांत त्यावर दोन दिवस समाधान होतें.

आतां दुसरा धागा. प्रतिकारशक्ति स्वतःच्या शरीरावर उलटते ही कल्पना आज वर्तमानपत्राच्या आरोग्यसदरांत येते, परंतु ती विद्वानांच्या गळीं उतरण्यास अर्धशतक लागलें. १९०१ त पाउल एर्लिख यानें बकऱ्यांस दुसऱ्या बकऱ्यांचें रक्त टोंचून पाहिलें, आणि परक्या रक्ताचा नाश करणारें शरीर स्वतःच्या रक्तास धक्का लावीत नाहीं असें त्यास आढळलें. या आत्मविषाच्या धास्तीस त्यानें एक भारदस्त लॅटिन नांव दिलें. त्याचें म्हणणें एवढेंच होतें कीं, असा अपघात टाळण्याची कांहीं योजना शरीरांत असली पाहिजे. शिष्यपरंपरेनें त्याचा अर्थ, असा अपघात होणेंच शक्य नाहीं, असा केला. गुरूच्या सावध वाक्याचा शिष्यांनीं सिद्धान्त करावा, हें इतिहासांत नवें नाहीं. अवघ्या तीन वर्षांत, १९०४ त, डोनाथ व लांडस्टायनर यांनीं थंडीनें रक्त फुटण्याच्या एका रोगांत रोग्याचेंच प्रतिद्रव्य त्याच्या रक्तपेशी फोडतें हें दाखविलें. तरी तो अपवाद म्हणून बाजूस ठेवण्यांत आला. १९४० त नॉर्वेमधील वालर यास संधिवाताच्या रोग्यांच्या रक्तांत तें द्रव्य आढळलें, जें आज आपण प्रयोगशाळेच्या कागदावर आर. ए. फॅक्टर या नांवानें वाचतों. १९४८ त हारग्रेव्ह्ज यानें ल्यूपसच्या रोग्यांत एक विलक्षण पेशी पाहिली. शेवटीं बफेलो येथें नोएल रोझ या तरुण संशोधकानें सशांच्याच थायरॉइड ग्रंथीचा अर्क सशांस टोंचला व त्या सशांच्या ग्रंथींस दाह झाला. त्याचे वरिष्ठ विटेब्स्की हे एर्लिखच्या परंपरेंतले. त्यांचा यावर सहजासहजीं विश्वास बसला नाहीं. १९५६ त तें प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें हाशिमोटोच्या रोगांत माणसाच्या रक्तांतहि तसलींच प्रतिद्रव्यें सांपडलीं. तेव्हां कुठें दरवाजा उघडला.

या रोगांचीं नांवें मात्र दरवाजा उघडण्यापूर्वींचीं आहेत, आणि नांवांनीं पुष्कळ नुकसान केलें आहे असें आमचें मत आहे. माधवनिदानांत आमवाताचें स्वतंत्र प्रकरण आहे. आपण व्यवहारांत संधिवात म्हणतों. इंग्रजी नांवहि सांध्यांवरूनच. स्क्लेरोडर्मा म्हणजे कठीण त्वचा. ज्याला जें आधीं दिसलें त्यानें त्यावरून नांव ठेविलें, आणि मग सांध्याच्या रोग्याचे सांधे व त्वचेच्या रोग्याची त्वचा एवढेंच पाहण्याची संवय जडली. १९४८ त एलमन व बॉल यांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें सांधे व फुप्फुसें यांवर एकाच वेळीं परिणाम झालेल्या रोग्यांचें वर्णन करून हा एकच रोग आहे असें मांडलें, ही त्या दृष्टीनें मोठी गोष्ट होय. फुप्फुस म्हणजे पोकळ पिशवी नव्हे. त्यांत तीस ते पन्नास कोटि सूक्ष्म वायुकोश असतात, व त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात कीं हवेंतील प्राणवायु त्यांतून सहज रक्तांत उतरतो. प्रतिकारशक्तीचा दाह या भिंतींत शिरला म्हणजे त्या प्रथम सुजतात, आणि दाह टिकला तर त्यांच्या जागीं व्रणासारखें राठ तंतुमय ऊतक भरतें. सूज उतरूं शकते. राठ झालेला भाग बहुधा पूर्ववत् होत नाहीं. स्कॅन वाचतांना डॉक्टर मुख्यतः याच दोहोंचा निवाडा करीत असतो: सूज किती, व्रण किती.

हा निवाडा शक्य झाला तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज गृहस्थामुळें. त्याचा जन्म १९१९ त नॉटिंगहॅमशायरमधील एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. विश्वविद्यालयाची पदवी त्यानें कधीं घेतली नाहीं, हें आम्हां पदवीधरांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तो नोकरीस होता ती इ. एम. आय. ही कंपनी लोकांस ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं ठाऊक. त्याची कल्पना अशी कीं, वस्तूभोवतीं फिरून अनेक कोनांतून किरण सोडावे, पलीकडे किती पोंचले तें मोजावें, आणि त्या हजारों आंकड्यांवरून आंतल्या प्रत्येक बिंदूची घनता गणितानें काढावी. प्रयोगशाळेंतील पहिल्या चित्रास नऊ दिवस व वर गणकयंत्राचे अडीच तास लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं विंबल्डनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयांत पहिल्या रोग्याच्या मेंदूचा स्कॅन झाला. मेंदूचाच कां? कारण डोकें स्थिर ठेवतां येतें. एकेका कापास मिनिटें लागत, आणि तितका वेळ श्वास कोण रोखून धरणार? छातीचा स्कॅन यंत्राचा वेग वाढेपर्यंत थांबला. १९७९ त हाउन्सफील्ड यास कॉर्मॅक या पदार्थविज्ञानवेत्त्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. घनतेच्या मोजपट्टीस आज त्याचें नांव आहे: तींत पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणें एक हजार, आणि हवेनें भरलेलें निरोगी फुप्फुस साधारणतः उणें सातशें ते उणें नऊशें. स्कॅनमधील करडा रंग म्हणजे केवळ रंग नसून एक आंकडा असतो, हें समजलें तेव्हां आम्हांस त्या चित्राविषयीं प्रथमच आदर वाटला.

१९८० नंतरच्या दशकांत एक ते दोन मिलिमीटर जाडीचे बारीक काप घेण्याची रीत निघाली, तीच एच. आर. सी. टी. जपान, अमेरिका व कानडा येथील तज्ज्ञांनीं हे काप फुप्फुसांच्या प्रत्यक्ष तुकड्यांशीं ताडून पाहिले, म्हणजे लाएनेकचेंच काम नव्या साधनानें केलें. या परीक्षेंत रोग्यास कधीं पालथें निजवितात, कधीं श्वास पूर्ण सोडावयास लावतात. पुष्कळांस हा उगाच त्रास वाटतो. उताणें निजलें असतां फुप्फुसाचा पाठीकडचा तळ शरीराच्या भारानें किंचित् दबतो व तेथें धूसर दिसूं लागतें. संधिवाताचा फुप्फुसरोग बहुधा तेथेंच सुरू होतो. तेव्हां पालथें निजवून ती धूसरता नाहींशी झाली तर ती नुसती भाराची; राहिली तर ती रोगाची. श्वास सोडून घेतलेल्या कापांत कांहीं भाग काळेच राहिले तर लहान श्वासनलिकांत हवा अडकते असें अनुमान निघतें, व त्या नलिकाहि या रोगांत बिघडतात. अहवालाच्या आरंभीं या गोष्टी एका ओळींत असतात आणि घरचीं माणसें नेमकी तीच ओळ सोडून खालीं धांवतात. आम्हीहि तेंच केलें होतें.

खालीं मग ते शब्द येतात. १९६९ त फ्लाइश्नर या क्ष-किरणतज्ज्ञाच्या स्मरणार्थ एक मंडळी स्थापन झाली. तिनें १९८४, १९९६, २००८ व २०२४ या वर्षीं छातीच्या चित्रांचा शब्दकोश प्रसिद्ध केला, आणि जगभर अहवाल साधारणपणें त्याच परिभाषेंत लिहिले जातात. हे शब्द बहुतेक उपमा आहेत. 'ग्राउंड ग्लास' म्हणजे आपल्याकडील न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच: पलीकडचें दिसतें पण धूसर. व्याख्या काटेकोर आहे. धूसरतेंतूनहि रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसत असतील तर दुधी काच. दिसेनाशा झाल्या तर तें घनीभवन, व तो शब्द निराळा. 'रेटिक्युलेशन' म्हणजे बारीक जाळी. 'ट्रॅक्शन ब्रॉंकिएक्टेसिस' हा आमच्या चिरंजीवांस सर्वांत भयंकर वाटलेला शब्द. त्याचा अर्थ एवढाच कीं, भोंवतालचें ऊतक राठ होऊन आंखडलें आणि त्यानें श्वासनलिका ओढून रुंद केली. तो व्रणाचा पुरावा असतो. आणि 'हनिकोंब' म्हणजे मधाचें पोळें: फुप्फुसाच्या कडेला जाड भिंतींच्या पोकळ्यांचे थर. या सर्वांत गोड नांव तेंच आणि गंभीर अर्थहि त्याचाच, कारण तेथें मूळची रचना नष्ट झालेली असते. कन्येनें तो शब्द वाचून हंबरडा फोडला होता. त्याच्या आधीं लिहिलेला 'नाहीं' तिच्या नजरेंतून सुटला. क्ष-किरणतज्ज्ञ जें आढळलें नाहीं तेंहि लिहितो, कारण डॉक्टरास तें कळणें तितकेंच अगत्याचें असतें.

परंतु दुधी काच म्हणजे रोग नव्हे, आणि आमच्या समजुतीनें या सर्व प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. वायुकोशांत किंवा त्यांच्या भिंतींत कांहींतरी भरलें व हवा थोडी कमी झाली, एवढेंच ती छाया सांगते. तें कांहींतरी म्हणजे संधिवाताचा दाह असेल, जंतूंचा संसर्ग असेल, हृदय थकल्यानें आलेलें पाणी असेल, औषधाची प्रतिक्रिया असेल, किंवा रोग्यानें ऐन वेळीं पुरता श्वास घेतला नसेल. इतरांच्या बाबतींत हा घोळ थोडा तरी परवडतो. ज्याची प्रतिकारशक्ति औषधांनीं मुद्दाम दाबून ठेविली आहे त्याच्या बाबतींत परवडत नाहीं, कारण उपाय परस्परविरुद्ध आहेत: दाह असेल तर दाबणारें औषध वाढवावयाचें, संसर्ग असेल तर तें बहुधा थांबवावयाचें. आपल्या देशांत तर क्षयाचा विचार सोडतांच येत नाहीं. संधिवातावरील नव्या जैविक औषधांपैकीं इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० रोग्यांत क्षय उद्भवल्याचें वृत्त २००१ त अमेरिकेंत प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून असलीं औषधें सुरू करण्यापूर्वीं झांकलेला क्षय शोधण्याचा परिपाठ पडला. म्हणून अहवालांत फुप्फुसाच्या शिखरावरील जुन्या व्रणाचा उल्लेख आला तर तो क्षुल्लक समजून डॉक्टरांस सांगावयाचा राहूं देऊं नये. मेथोट्रेक्सेट या औषधाचीहि अशीच कथा. त्यानें क्वचित् फुप्फुसांस अकस्मात् दाह होतो, हें खरें. परंतु सावकाश वाढणाऱ्या प्रत्येक व्रणाचें खापर वर्षानुवर्षें त्याच्यावर फुटत आलें, आणि अलीकडील अभ्यासांनीं त्या आरोपास आधार दिला नाहीं.

२०२० व २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रांतील घराघरांत एच. आर. सी. टी. हा शब्द पोंचला. "स्कोअर किती?" हा प्रश्न तेव्हां कुशलप्रश्नासारखा विचारला जाई, आणि पंचविसांपैकीं किती यावर माणसाचें नशीब ठरविलें जाई. त्या संवयीनें आमच्या एका शेजाऱ्यांनीं याहि अहवालांत स्कोअर शोधला व तो नाहीं म्हणून तपासणीच अपुरी ठरविली. तो स्कोअर एका सांथीच्या तीव्र आजारांत फुप्फुसाच्या पांच खंडांपैकीं प्रत्येकाचा किती भाग व्यापला हें मोजण्यासाठीं होता. वर्षानुवर्षें चालणाऱ्या रोगास तें माप लागूं पडत नाहीं.

येथें मापें निराळीं आहेत. प्रथम ठेवण पाहतात: स्क्लेरोडर्मांत बहुधा सूज व बारीक जाळी यांचें सारखें मिश्रण असतें, तर संधिवातांत मधाच्या पोळ्याची ठेवण तुलनेनें अधिक वेळां आढळते, व ती अधिक चिवट. मग व्याप्ति. स्क्लेरोडर्माविषयीं लंडनच्या तज्ज्ञांनीं २००८ त एक सोपा नियम सुचविला: रोगानें फुप्फुसांचा वीस टक्क्यांहून अधिक भाग व्यापला कीं नाहीं तें पाहावें, नजरेनें ठरविणें कठीण असेल तर नळींत फुंकून केलेल्या परीक्षेंत श्वासाचें माप अपेक्षेच्या सत्तर टक्क्यांखालीं आहे काय तें पाहावें. चित्र आणि श्वास यांची ही जोडी आम्हांस फार शहाणपणाची वाटते. नुसतें चित्र रोगी किती धापा टाकतो हें सांगत नाहीं, व नुसती धाप कशामुळें लागते हें सांगत नाहीं. उपायहि याच काळांत वाढले. सायक्लोफॉस्फामाइडचा उपयोग २००६ त मोठ्या चांचणींत दिसला, मायकोफिनोलेटनें तोच लाभ कमी त्रासांत होतो असें २०१६ त आढळलें, आणि २०१९ त निंटेडॅनिब या औषधानें व्रण वाढण्याचा वेग मंदावतो असें सिद्ध झालें. वेग मंदावतो; गेलेलें परत येत नाहीं. म्हणूनच रोग स्थिर आहे कीं सरकतो आहे, हा प्रश्न सर्वांत मोठा.

त्याचें उत्तर एका स्कॅनमध्यें नसतें. एकच कागद हातीं असला तर इतिहासकार त्या दिवसापुरतें बोलूं शकतो; काय बदललें हें सांगण्यास दुसरा कागद लागतो. पांचव्या दिवशीं आम्ही डॉक्टरांकडे गेलों तेव्हां त्या तरुण बाईंनीं अहवाल बाजूस सारला, चित्रें उजेडावर धरलीं आणि पहिला प्रश्न केला, "काकू, यापूर्वीं कधीं स्कॅन झाला होता का?" झाला होता: २०२१ त, त्याच सांथींत. घरीं परत येऊन माळ्यावर चढलों. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखालीं तो लिफाफा मिळाला, कडेला वाळवी लागलेला पण आंत शाबूत. दुसऱ्या दिवशीं दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं लावलीं गेलीं.

अहवालांत चार मिलिमीटरच्या एका गांठीचा उल्लेख होता. मुलांनीं कोठेंतरी वाचलें होतें कीं सहा मिलिमीटरच्या आंतल्या गांठीची काळजी करूं नये. बाईंनीं समजाविलें कीं, २०१७ चा तो नियम प्रतिकारशक्ति दबलेल्या रोग्यांस लागूं नाहीं असें त्या नियमांतच म्हटलें आहे. त्यामुळें नुसत्या आकारावर विसंबतां येत नाहीं. परंतु ती गांठ जुन्या चित्रांतहि होती, त्याच जागीं, तेवढीच. दुधी काचेपैकीं बरीचशी पालथें निजवून घेतलेल्या कापांत विरली होती. डाव्या तळाशीं मात्र बारीक जाळी राहिली, आणि ती २०२१ च्या चित्रांत नव्हती. हें बाईंनीं लपविलें नाहीं. थुंकी क्षयासाठीं तपासली, तींत कांहीं निघालें नाहीं. नळींत फुंकण्याची परीक्षा झाली. एक औषध वाढलें. "जिना चढूं ना?" असें पत्नीनें विचारलें. "चढा, पण मध्यें बसा," असें उत्तर मिळालें.

दोन्ही लिफाफ्यांवर आम्हीं शिसपेन्सिलीनें तारखा घातल्या आहेत आणि आमच्या मोडी कागदांच्या कपाटांत ते एकत्र ठेविले आहेत. पुढचा स्कॅन माघांत आहे. त्याच्या चिठ्ठीवर काय लिहावयाचें तें पत्नीनें डॉक्टरांकडून आतांच लिहवून घेतलें असून, चांगल्या चार ओळी आहेत.